मरळीची बाळी

हस्त लागला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोणीतरी चढतं आणि टाकीचं झाकण उचलून बघतं. यंदा सेक्रेटरी चढले आणि खाली येऊन त्यांनी जाहीर केलं की टाकीत मासे आहेत. चांगले दहा-बारा. बोटाच्या पेराएवढे.

"कोणी टाकले?" हा माझा पहिला प्रश्न. मासे कोणते, आले कसे, जगले कसे, यातलं काही नाही. कोणी टाकले. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण माझं डोकं पोलीस पाटलाच्या घरचं आहे. वडील गावचे पोलीस पाटील होते. आमच्याकडं दूध जरा निळसर दिसलं तरी आधी गवळ्याच्या तोंडाकडं बघायचे, मग दुधाकडं. "इथं कुठंतरी पाणी मुरतंय" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून चारदा तरी व्हायचं.

तर संशय गेला तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंवर. नवीन आहेत. दारावर पाटी लावलीय, पण तिच्यावर नुसती नावं, आडनाव नाही. आता आडनाव लावायचं नाही म्हणजे काय? माझ्याही मनात आलंच ते, खोटं कशाला बोलू. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही या विषयातल्या. रविवारच्या मीटिंगमध्ये तुम्हीच सांगा. मासे असे आपोआप येतात का?"

मी हातातला कप खाली ठेवला. हा प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता. चावडीवर, सगळ्या गावासमोर, याच हस्ताच्या दिवसांत.

गाव करमाडच्या पलीकडं, जालना रस्त्यावरून आत. तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि रोज एस.टी.नं औरंगाबादला जायचे. हो, तेव्हा औरंगाबादच. शहराचं नाव बदलेल असं तेव्हा कोणाच्या मनात नव्हतं, कारण त्या वर्षी सगळे विद्यापीठाच्या नावावरून भांडत होते. बसमधून चिकलठाण्याच्या बाजूला नवे नवे पत्र्याचे कारखाने दिसायचे, पाळी सुटायचा भोंगा ऐकू यायचा, आणि त्यांच्या प्रत्येक भिंतीवर नामांतर. एका भिंतीवर झालंच पाहिजे, पुढच्या भिंतीवर होऊ देणार नाही, आणि तिसरीवर आधीचं पुसून वरती दुसरं. बसच्या काचा फुटलेल्या असायच्या. कंडक्टरनं तिथं पुठ्ठे लावलेले. शेजारी कोणी नवीन बसलं की विचारायचं, "कुठलं गाव?" आणि मग जरा थांबून, सहज विचारल्यासारखं, "आडनाव?" त्या आडनावावर ठरायचं, पिशवीतल्या शेंगा पुढं करायच्या का पिशवीचं तोंड आवळायचं. आख्खा मराठवाडा एकमेकांना पाण्यात पाहत होता.

त्या बसमध्ये माझ्या शेजारी विमल बसायची. विमल आमच्याच गावची, खालच्या वस्तीतली. म्हणजे कुठली ते मराठी माणसाला सांगायला नको. आम्ही एका वर्गात, एका बाकावर, आणि तिच्या वह्यांवर मी पास होत आले होते. अक्षर असं की बघत राहावं. बसमध्ये आम्ही एका डब्यातलं खायचो. गावाच्या फाट्यावर उतरलो की ती आपोआप मागं राहायची आणि मी पुढं चालायचे. कोणी शिकवलं नव्हतं. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागतं का?

काकूनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, नवस बोलला होता. आठ वर्षांनी तिला मुलगा झाला, म्हणून गावच्या बारवेत बाळी घातलेली मरळ सोडायची. आमच्याकडची ही जुनी चाल. मरळ म्हणजे काळपट, लांबट, सापाच्या तोंडाचा मासा. नदीतळ्यातच नाही तर चिखलातसुद्धा राहील असा चिवट. ती आणायचं काम माझ्याकडं आलं. "तू माशाचंच शिकतीस ना? मग आण आणि टोच," काकू म्हणाली. भोयाच्या बाईनं मला जिवंत मरळ दिली ती पाण्यात नाही, ओल्या गोणपाटात गुंडाळून. मी म्हटलं, "मरंल की वो!" ती हसली. "मरत नाय बाई. तुझ्या गावापसतोर बिनघोर जा. वल्लं ऱ्हाऊ दे म्हंजे झालं."

आणि खरोखरच पाऊण तास ते गोणपाट बसमध्ये मांडीवर वळवळत होतं. माझ्या नाही, विमलच्या मांडीवर. मला किळस येत होती. ती म्हणाली, "दे इकडं, पाटलीणबाई," आणि गोणपाटाचं तोंड उघडून मला दाखवलं, मरळ कशी तोंड उघडून हवा घेतेय ते. "बघ, आपला धडा जिवंत हाय." आम्ही इतक्या हसलो की पुढच्या बाईनं वळून बघितलं. फाट्यावर उतरताना गोणपाट माझ्या हातात आलं. विमलचा हात लागलाय हे मी घरी बोलले नाही.

काकूची सुई हळदीत बुडवून मी त्या मरळीच्या पाठीवरच्या पराला भोक पाडलं आणि चांदीची लहानशी बाळी अडकवली. बारवेच्या पायऱ्यांवर बायका जमल्या होत्या. सोडल्याबरोबर ती खाली गेली ती दिसेनाशी झाली. पुढं शिकवायला लागल्यावर मला कळलं की शास्त्रज्ञसुद्धा असंच करतात. माशाला खूण करतात, सोडतात, आणि मग बघतात की तो कुठं कुठं सापडतो. कोणतं पाणी कोणत्या पाण्याशी जोडलेलं आहे ते तसं कळतं. आम्ही नवस म्हणून केलं, एवढाच फरक.

त्या वर्षी हस्त असा कोसळला की बारव काठोकाठ भरली आणि तिच्या मोरीतून पाणी उतारावरच्या गवतात सुटलं. चार दिवस वाट नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी विमल आमच्या परसदारी आली. दाराच्या आत नाही, बाहेर, गोठ्याच्या कडेला. मूठ पुढं केली आणि उघडली. तळहातावर बाळी.

मला आज कोणी वर मागायला सांगितलं तर मी ते एक मिनिट परत मागीन. कारण मी जे बोलले ते असं होतं, "तुला कुठं मिळाली?"

ती म्हणाली, "आमच्या विहिरीत. पाणी भराया गेले तर घागरीतच आली मरळ. मी बाळी वळखली. कोणी धरून खाल्ली तर उगा बोभाटा होईल, म्हणून काढून आणली. मासा हाय तिथंच."

"तुमच्या विहिरीत कशी येईल?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं असावं, मी अभ्यासातला प्रश्न विचारतेय. कारण ती चक्क खुलली. "अगं, चालत! मोरीपासून आमच्या विहिरीपसतोर सगळं गवत वल्लं हाय. अन् आमच्या विहिरीला कठडा कुठंय? जमिनीच्या बरोबरीला तोंड. आत आली सरळ."

त्यांच्या विहिरीला कठडा नव्हता, हे खरं होतं. गावच्या दोन्ही विहिरींना होता. वस्तीच्या विहिरीचा अर्ज पंचायतीत पडून होता. कठडा बांधला असता तर मरळ आत गेली नसती आणि पुढचं काही झालंही नसतं, हा विचार मला कैक वर्षांनी सुचला. तेव्हा मला सुचलं ते दुसरंच. मरळीला बाळी आहे हे वस्तीत कोणाला ठाऊक? एकट्या विमलला. आणि गावात तर आधीपासून कुजबुज होती की नामांतरवाली पोरं मुद्दाम बारवेवर येऊन पाण्याला हात लावणार आहेत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आमच्या मनात तर बारमाही चांदणं होतं.

काकू मागच्या दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं. बाळीला तिनं हात लावला नाही. "बाटली ती," म्हणाली, आणि रडायलाच लागली, की आता माझ्या लेकराचं कसं होणार. बाळी माझ्या हातात राहिली. दुपारपर्यंत गावभर झालं की खालच्या लोकांनी बारवेत उतरून नवसाची मरळ धरून नेली.

चावडीवर लोक जमले. विमल आणि तिचे वडील ओट्याच्या खाली, लिंबाशेजारी उभे होते. वडिलांना त्याच महिन्यात कारखान्याच्या बांधकामावर काम लागलं होतं, तिथं खाडा करून आले होते. मी बायकांच्या बाजूला, कोपऱ्यात. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, तर विमलच्या वडिलांनी एकच सांगितलं, "पाटील, मासा पावसात आला. आमी बारवंची पायरी पाह्यली नाय."

तेव्हा धोंडिबा उठला. धनगराचा म्हातारा, त्या उतारावर जन्मभर मेंढरं चारणारा. "त्यो खरं बोलतोय," धोंडिबा म्हणाला. "लई पाऊस झाला का मरळ चालती. म्या सोत्ता पाह्यलंय. गवतातनं अशी सरपटत जाती, पोटावर. एकदा तर काठीनं अडवली म्या."

चावडी हसली. "मासा चालतो व्हय रं धोंडिबा? किती घेतली सकाळपारी?" कोणी म्हणालं, मेंढरांसंगं राहून याला मासाही चार पायाचा दिसाया लागला. धोंडिबा तसाच उभा. "हसा. पर म्या पाह्यलंय."

मग तात्यांनी मला हाक मारली. "शैले, तू शिकलेली. हाच विषय तुझा. सांग या लोकांना. मासा जमिनीवरनं चालतो का?"

आता सांगते, मला काय काय माहीत होतं. भोयाच्या बाईनं ओल्या गोणपाटात मासा दिला होता. तो पाऊण तास बिनपाण्याचा जगला होता. मरळीच्या डोक्यात हवा घ्यायची वेगळी जागा असते आणि पावसाळ्यात ती ओल्या जमिनीवरून एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जाते, हे मी गेल्याच महिन्यात चाचणीत लिहिलं होतं. विमलच्या वहीतून पाठ करून लिहिलं होतं.

विमल माझ्याकडं बघत होती. घाबरलेली नव्हती मुळी. तिला माहीत होतं की मला येतंय.

मी म्हटलं, "नाय."

एवढंच. दोन अक्षरं. मग जरा सावरून, "पुस्तकात असं काही नाय."

माझ्या मनात संशय होता, हे खरं आहे. पण संशय होता म्हणून मी "नाय" म्हटलं, का "नाय" म्हणणं सोपं जावं म्हणून संशय धरून ठेवला, हे मला आजही ठरवता येत नाही. स्वतःबद्दल तर मला सगळ्यात जास्त शंका आहे.

पुढचं ठरल्यासारखं झालं. गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण बंद केलं. शेतावरची बोलावणी थांबली. दुकानात गेलं की "माल संपला." दुसऱ्या दिवशी बसमध्ये विमल चढली, पण माझ्या शेजारी बसली नाही. दांडीला धरून उभी राहिली. जागा होत्या तरी. चिकलठाणा गेल्यावर ती दाराकडं सरकताना माझ्यापाशी थांबली आणि अगदी हळू, मास्तर सांगतात तशा आवाजात म्हणाली, "त्या उत्तराला तुला दहापैकी आठ होते."

दिवाळीच्या आत वस्तीतली चार घरं उठली, उरलेली उन्हाळ्यापर्यंत. विमलचं पहिलं. शहरात मुकुंदवाडीकडं पत्र्याची खोली घेतली म्हणे. त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. नंतर एकदा मी बसच्या खिडकीतून तिला पाहिलं, कारखान्याच्या फाटकापाशी बायकांच्या घोळक्यात, हातात डबा. भोंगा झाला आणि सगळ्या आत गेल्या. माझ्या पदवीवर विद्यापीठाचं जुनं नाव आहे. तिला मिळाली असेल तर तिच्यावर नवं असेल, असं मला वाटत राहायचं. तिला उशीर कोणामुळं झाला ते मला ठाऊक आहे.

पुढच्या हस्तात मी बारवेवर गेले. कोणाला न सांगता, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन, दिवसाढवळ्या. मोरीतून पाणी सुटलं होतं. गवत आडवं झालं होतं आणि त्यातून बारीक बारीक ओहोळ खालच्या अंगाला चालले होते. किती वेळ उभी होते कोण जाणे. आणि मग गवत हललं. वाऱ्यानं हलतं तसं नाही, एका रेषेत. काळी पाठ दिसली, थांबली, परत वळवळली. छातीजवळचे पर टेकून, शेपटीनं रेटा देत, एक हातभर लांब मरळ त्या उतारावरून रिकाम्या वस्तीच्या विहिरीकडं निघाली होती. मला ओरडून गाव गोळा करावंसं वाटलं. पण गोळा करून सांगणार काय आणि कोणासाठी? मागून धोंडिबाचा आवाज आला. "आता पाह्यलं का?" मी मान हलवली. तो म्हणाला, "गेल्या साली पाह्याचं होतं, बाई."

पुढं मी हे सगळं शिकवलं. वर्षानुवर्षं. बगळ्याच्या पायाला चिकटलेल्या चिखलातून गोगलगायीची अंडी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कशी जातात. म्हैस एका डोहातून उठून दुसऱ्या डोहात बसते तेव्हा अंगावर किती जिवांची वरात घेऊन जाते. उन्हाळ्यात तळं आटतं, माती होते, ती वाऱ्यानं उडते आणि त्या धुळीत बारक्या कवचधारी जिवांची अंडी झोपलेली असतात. पुढच्या पाण्याला ती भलत्याच खड्ड्यात जागी होतात. वरून बघावं तर हे तळं वेगळं, ती विहीर वेगळी, मध्ये कोरडी जमीन. आणि आतून सगळ्यांची सोयरीक. पाणी कुठं मुरतंय ते माणसाला शोधायचंच असेल तर इथं शोधावं. मुलं लिहून घ्यायची. मरळीचा धडा आला की मात्र मी एखाद्या मुलीला उभी करून तो वाचायला सांगायचे आणि स्वतः खिडकीकडं तोंड करून उभी राहायचे. मुलांना वाटायचं, मॅडमना कंटाळा आला.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी कन्नड गावच्या एका कॉलेजात बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. टेबलावर बरण्या मांडलेल्या. एका मुलीसमोर मरळीची बरणी आली. मी ठरीव प्रश्न विचारले. तिनं घडाघडा सांगितलं, हवा घेते, ओल्या गवतावरून चालते, एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते. मी म्हटलं, "छान. पुस्तकात आहे हे?"

"व्हय मॅडम. पण आमच्या बाई म्हणत्यात, पेपरात कोणीबी लिहितं. चार माणसांत विचारलं तर सांगता आलं पाह्यजे."

माझ्या हातातला पेन थांबला. "कोणत्या बाई?"

"विमल मॅडम."

मी प्रयोगशाळेच्या शिपायाकडं बघितलं. तो म्हणाला, "त्या आज रजेवर हायेत." आता रजा आजच कशी? परीक्षकाचं नाव कॉलेजला आठ दिवस आधी कळतं. हा संशय मात्र खरा असणार. त्या मुलीला मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि परतीच्या गाडीची वेळ झाली तरी तिथंच बसून राहिले. बाळी माझ्या पर्समध्ये होती. कायमच असायची, कुंकवाच्या जुन्या डबीत. ती मी एका पाकिटात घातली. चिठ्ठी लिहायला घेतली, तीन कागद फाडले, शेवटी आत नुसता माझ्या पत्त्याचा कागद टाकला आणि शिपायाला दिलं. म्हटलं, "त्यांच्याच हातात द्या." घाटातून उतरताना डोक्यात एकच, चांदी आहे म्हणून यानं काढून घेतली तर? बिचारा शिपाई! माझा स्वभाव काही मरणार नाही माझ्याआधी.

परवा रविवारी मीटिंग झाली. सेक्रेटरींनी विचारलं, "तर मॅडम, मासे आपोआप येतात का?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मागच्या खुर्चीवर, पदर आवळून बसल्या होत्या. मी उभी राहिले. गुडघा दुखत होता तरी उभी राहिले. म्हटलं, "येतात. हे गप्पी मासे आहेत. नळाला पाणी नव्हतं तेव्हा आपण टँकर मागवला, तो कुठल्यातरी विहिरीवर भरला असणार, आणि विहिरीत डासांसाठी गप्पी सोडतातच. पाइपातून आले. कोणीही टाकलेले नाहीत. तिसऱ्या मजल्याचा यात काडीचा संबंध नाही. लिहून हवं असेल तर सहीनिशी देते." मग कोणीतरी शेजारच्याला म्हणालं, मला ऐकू जाईल इतपत, "मॅडमची त्यांच्याशी जास्तच ओळख दिसते." घ्या! म्हणजे आता संशय माझ्यावर. मी बसले. बरं वाटलं, खरं सांगते.

त्या पाकिटाचं सांगायचं राहिलं. शिपाई प्रामाणिक निघाला. कन्नडहून आल्यावर आठव्या दिवशी मला एक पोस्टकार्ड आलं. अक्षर तेच, बघत राहावं असं. वर मायना नव्हता, खाली सही नव्हती. मध्ये एवढंच लिहिलं होतं,

"बाळी मिळाली. कुठून आली, असं मी विचारत नाही."